पावती पुस्तकाबाहेरची घरं

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपुरात पूर आला. नागनदीकाठच्या एका ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतल्या, गणेश मंडळाने त्यानंतरच्या आठ दिवसांत काय केलं, कुठे चुकलं, आणि त्यात एका काकूंच्या देवाचं काय झालं, ते इथे मांडलं आहे. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि घरांचे तपशील थोडे बदलले आहेत. तारखा आणि पाऊस आहे तसाच ठेवला आहे.

माझ्याबद्दलही आधीच सांगून टाकतो. मी मंडळात होतो तो हिशेबासाठी. आरती सुरू झाली की मी टेबलाशी बसून पावत्या जुळवायचो. तोंडाने आरती, डोळे वहीत. देव आहे की नाही, या प्रश्नाने माझी झोप कधी उडाली नव्हती.

पार्श्वभूमी

नागनदी वाडीजवळच्या लाव्हा भागातल्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात उतरते आणि तलाव भरला की ओव्हरफ्लोवरून पुढे शहरात शिरते. पुढे पिवळी नदीला भेटून कन्हानला जाते. शहराला नाव तिच्यावरून मिळालं, पण काठावर राहणारा माणूस तिला 'नाला' म्हणतो. आमच्याकडे पत्ता सांगतानाही 'नाल्याच्या बाजूचं घर' असंच सांगतात.

आमच्या ले-आउटमध्ये साठेक प्लॉट आहेत. बहुतेक घरं मालकांची, बरीचशी वयस्कर जोडप्यांची. मुलं पुण्याला, हैदराबादला. मागच्या बाजूला एक भिंत आहे. भिंतीपलीकडे नाल्याला लागून वस्ती, चाळीसेक घरं आणि एक लहानसं विहार. भिंतीत एके ठिकाणी माणूस वाकून जाईल एवढं भगदाड आहे. रोज सकाळी त्यातून कामाच्या बाया येतात आणि दुपारी परत जातात. त्या भगदाडाला आम्ही तीस वर्षांत ना दार लावलं, ना ते बुजवलं.

गणपती बसतो समाजभवनाच्या ओट्यावर. ओटा चांगला साडेतीन फूट उंच आहे. त्या वर्षी रविवारी, 24 तारखेला महाप्रसाद होता. तांदळाचे कट्टे, तूरडाळ, तेलाचे पिपे, सगळं भवनाच्या खोलीत आणून ठेवलेलं. अध्यक्षांचं इतवारीत धान्याचं दुकान असल्यामुळे ही बाजू कधी कमी पडत नाही.

शुक्रवारी, 22 तारखेला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, वर टांगलेला फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि रात्री उशिरापर्यंत उठणाऱ्या पंगती. वर्षातला सगळ्यात दमवणारा दिवस. साऱ्या ले-आउटने त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली ती ओंडक्यासारखी. पाणी दारात आलं तरी कित्येक घरांत कोणाला जाग आली नाही, याचं एक कारण हेच.

ती पहाट

मध्यरात्रीनंतर विजा सुरू झाल्या. पहाटेपर्यंत शहरात 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तोही मोजक्या तासांत. अंबाझरी आधीच भरलेला होता. तो ओसंडला आणि नागनदीने पात्र सोडलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा ले-आउट या भागांत घरांमध्ये पाणी शिरलं. सीताबर्डीकडे मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. एनडीआरएफ, एसडीआरएफ या आपत्ती निवारण दलांची आणि लष्कराची पथकं उतरवावी लागली. शहरात माणसंही दगावली.

आमच्याकडे साडेतीनच्या सुमारास एका पोट्ट्याने दारं बडवायला सुरुवात केली. "काका, उठा ना, पाणी चढून राहिलं!" लाइट गेलेले. मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा दिसला तो शेजाऱ्यांचा कूलर. खसच्या ताट्यांसकट तो अंगणातून शांतपणे फाटकाकडे निघाला होता. माझ्या घरात पाणी मांडीपर्यंत आलं. फ्रिज आधी हलला, मग आडवा होऊन तरंगायला लागला. फ्रिज तरंगतो हे मला 54व्या वर्षी कळलं.

उजाडता उजाडता पाणी उतरू लागलं, तेव्हा समाजभवनाच्या ओट्यावर सत्तरेक माणसं जमली होती. भिजलेली, कुडकुडणारी, कोणी नुसत्या गाऊनवर. गणपतीच्या पायाशी समई तेवत होती. मंडळाचं ओट्यावर आणि भवनाच्या खोलीत होतं तेवढंच काय ते कोरडं राहिलं होतं.

पहिला पेच : मांडवात कोणी यायचं

पूजा सांगायला येणारे गुरुजी ले-आउटमध्येच राहतात. त्यांच्याही घरात पाणी होतं, पण ते सगळ्यात आधी ओट्यावर पोचले होते, मूर्तीच्या काळजीने. माणसं चिखलाच्या पायांनी वर येऊ लागली तसे ते अस्वस्थ झाले. प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती आहे, सोवळंओवळं काही राहू द्या. बायकांपैकी कोणाला अडचण असेल तर त्यांनी भवनाच्या मागच्या पायऱ्यांवर बसावं, असं त्यांनी सुचवलं. मागच्या पायऱ्यांवर पाऊस पडत होता.

कोणी काही बोलेना. आम्हा कार्यकारिणीतल्या पाच पुरुषांनाही शब्द सुचेना. मग एक कॉलेजातली मुलगी उभी राहिली. तिच्या अंगाभोवती चादर होती. ती म्हणाली, "गुरुजी, मला आजच आली आहे. मी कुठे जाऊ?"

गुरुजींनी समई उचलून वरच्या पायरीवर ठेवली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "पडदा ओढा. बायकांना आतली जागा द्या." पुढचे तीन दिवस बायका-मुलं मूर्तीपासून सहा फुटांवर झोपली आणि कोणी तो विषय काढला नाही.

हा निर्णय मंडळाने घेतला असं आमच्या अहवालात लिहिलं आहे. ते खरं नाही.

दुसरा पेच : उत्सवाचं काय करायचं

सकाळी आठला ओट्याच्या कोपऱ्यात बैठक झाली. तीन मतं पुढे आली. एक, आजच उत्तरपूजा करून विसर्जन करावं. लोकांच्या घरांत गाळ असताना आरत्या कसल्या करता? दोन, मूर्ती अनंत चतुर्दशीपर्यंत राहू द्यावी, पण रोषणाई, ढोल-ताशा, स्पर्धा सगळं बंद करून पैसा पूरग्रस्तांसाठी वापरावा. तीन, सगळं ठरल्याप्रमाणे करावं आणि महाप्रसादाला पूरग्रस्तांना बोलवावं.

मी पहिल्या मताचा होतो. खर्च कमी आणि हिशेब सुटसुटीत. पण एका आजोबांनी विचारलं, "मूर्ती उचलली तर ओट्यावर थांबायचं कारण काय राहील लोकांना?" त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. मूर्ती होती म्हणून लोक निदान सकाळ-संध्याकाळ एका जागी यायचे, आणि कोणाला काय हवं ते आरतीनंतरच्या दहा मिनिटांत कळायचं. आम्ही दुसरा पर्याय घेतला. ढोल पथकाला दिलेली आगाऊ रक्कम काही परत मिळाली नाही. मात्र पथकाच्या प्रमुखाने सोमवारी चौदा पोट्टे पाठवले. ताशा वाजवणारे हात फावड्यावर किती वेगाने चालतात, ते आम्हाला तेव्हा दिसलं.

तिसरा पेच : खिचडी की फावडं

अन्न शिजवणं आम्हाला येतं. धान्य घरात, मोठे गंज (पातेली) भवनात, आचारी ओळखीचा. शनिवारी दुपारी बारालाच पहिली खिचडी उतरली आणि आम्हाला फार बरं वाटलं. रविवारी महाप्रसादाचं सगळं सामान खिचडी आणि मसालेभातात गेलं. त्याच दिवशी एका गुरुद्वाऱ्याचा लंगर आला, दोन मंदिरांकडून पुरीभाजी आली, एका संस्थेने बिस्किटांचे खोके टाकले. संध्याकाळी आमच्याकडे अर्धा गंज खिचडी उरली. पलीकडच्या गल्लीत लोक नको म्हणून हात हलवत होते.

सोमवारी सकाळी वाटपाला गेलो, तर एका दारात बाई कंबरेवर हात ठेवून उभी. "भाऊ, खिचडी चांगली आहे जी. पण दोन दिवसांपासून खिचडीच येऊन राहिली. कोणी फावडं घेऊन येत नाही काहून?"

पुराचा गाळ ओला असतो तोवर ढकलता येतो. ऊन पडलं की वरून पापडी धरतो आणि दोन दिवसांत फरशीवर असा बसतो की खरवडावा लागतो. म्हणजे पहिले 48 तास फावड्याचे, घमेल्याचे, वायपरचे होते. आम्ही ते गंजापाशी घालवले. पंगतीला वाढायची सवय आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची, देवाच्या नावाने अन्न वाटलं की पुण्य पदरात पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या न्हाणीतला काळा गाळ उपसण्याला आमच्याकडे ना मंत्र, ना पंगत, ना फोटो. याच विदर्भात गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन मग रात्री करायचे, हे आम्ही शाळेत शिकलेलो. समाजभवनात त्यांची तसबीरही आहे.

सोमवारी दुपारी चूल बंद केली आणि उरलेल्या पैशांतून फावडी, घमेली, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणली. दोन टिल्लू पंप भाड्याने घेतले. जवळच्या मशिदीतली मुलं स्वतःचं जनरेटर घेऊन आली, कारण लाइट नव्हते आणि पंप त्याशिवाय चालणार नव्हते. एक ओळखीचे इलेक्ट्रिशियन घरोघर फिरले. भिंतीतल्या बोर्डांत पाणी गेलेलं असतं. पाणी ओसरलं म्हणून कोणी मेन स्विच चढवला तर जिवावर बेततं. त्यांनी तपासल्याशिवाय कोणी स्विचला हात लावायचा नाही, एवढा एक नियम आम्ही कडक पाळला. आठ दिवसांत त्याबद्दल पस्तावावं लागलं नाही.

कागदांची दोरी

हे ठरवून झालं नाही, पण सांगण्यासारखं आहे. रविवारी एक निवृत्त ग्रंथपाल ताई ओट्यावर बसून स्वतःच्या घराची रजिस्ट्री सुकवत होत्या. पान चोळायचं नाही, गाळ लागलेला असेल तर परातीतल्या स्वच्छ पाण्यातून हलकेच काढायचं, चिकटलेली पानं ओढायची नाहीत, मध्ये कोरा कागद घालायचा, कडक उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वारा लागू द्यायचा. बघता बघता त्यांच्यापुढे रांग लागली. गुणपत्रिका, जातीचे दाखले, पासबुकं, दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं, एका मुलीचा लग्नाचा अल्बम.

सुकवायला जागा पुरेना, तेव्हा कोणीतरी मांडवातल्या रोषणाईच्या माळा सोडवल्या आणि त्यांच्याच दोऱ्यांवर चिमटे लावून कागद टांगले. संध्याकाळची आरती त्या कागदांखाली झाली. माझ्या बरोब्बर डोक्यावर कोणाच्या तरी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लोंबत होता, शाई थोडी पसरलेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी आरतीला वही मिटून उभा राहिलो. का, ते विचारू नका. मला अजून नीट सांगता येत नाही.

चौथा पेच : यादी कोणाची

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. सरकारने घरटी 10,000 रुपयांची मदत जाहीर केली. दुकानांना 50,000 पर्यंत आणि टपऱ्यांना 10,000. त्यासाठी पंचनामे होणार होते. येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम सोपं व्हावं म्हणून मी रविवारी रात्री यादी केली. माझ्याकडे घरांची एकच तयार यादी होती: वर्गणीचं पावती पुस्तक. त्यावरून 57 नावं उतरवून काढली आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पावती पुस्तकात वर्गणी देणारे असतात. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बहुधा नसतात, कारण वर्गणी मालक देतो. गॅरेजमागच्या खोलीत राहणारी परीक्षांची तयारी करणारी मुलं नसतात. भिंतीपलीकडची वस्ती तर नसतेच. तिथे आम्ही कधी वर्गणी मागायला गेलो नाही आणि तेही आमच्या गणपतीला आले नाहीत. तीस वर्षांत 'आपली माणसं' कोण हे आम्ही नकळत त्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं.

हे माझ्या ध्यानात आलं ते सोमवारी, आणि तेही कोणी सांगितलं म्हणून. ज्या काकूंचं पुढे येणार आहे, त्यांच्याकडे एक ताई घर साफ करत होत्या. वस्तीतल्याच. ले-आउटमधली घरं त्या आठवड्यात साफसफाईचे एरवीच्या दुप्पट पैसे देत होती, म्हणून वस्तीतली निम्मी माणसं सकाळी भगदाडातून इकडे येत होती. काकूंनी सहज विचारलं, "तुझ्याकडे किती पाणी आलं होतं गं?" त्या म्हणाल्या, "पत्र्यापर्यंत. घरातला चिखल अजून तसाच आहे काकू. दिवसा इकडे येतो, रात्री विहारात झोपतो."

दोन रात्री साठेक माणसं विहारात झोपत होती आणि दोनशे पावलांवर आम्ही उरलेल्या खिचडीचं काय करायचं यावर बैठक घेत होतो.

त्या संध्याकाळी कार्यकारिणीत बाचाबाची झाली. एकाचं म्हणणं, वर्गणी ज्यांनी दिली त्यांचा पहिला हक्क. मंडळ काही सरकार नाही. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पैसा लोकांनी उत्सवासाठी दिला होता, आणि त्यातल्या अनेकांच्या घरात अजून गाळ होता. दुसरा म्हणाला, वस्तीतल्या लोकांनाच मजुरी देऊन त्यांचीच घरं साफ करून घेऊ. तिसऱ्याने सुचवलं, विहाराच्या लोकांना आधी विचारा तरी, त्यांना काय हवं आहे.

आम्ही विचारायला गेलो, पहिल्यांदाच, त्या भगदाडातून वाकून. विहाराच्या समितीने जेवण नको म्हणून सांगितलं. ते त्यांचं ते करत होते. त्यांना पंप हवा होता, आणि दोन दिवस वस्तीतल्या लोकांनी इकडे कामाला न येता स्वतःची घरं उपसली तर ती मजुरी कोणी भरून देईल का, हे हवं होतं. मंगळवार-बुधवार आम्ही पंप, जनरेटर आणि ढोल पथकाचे पोट्टे तिकडे लावले आणि 22 जणांची दोन दिवसांची मजुरी मंडळाच्या पैशातून दिली. ले-आउटमधल्या काही घरांनी फोन करून मला झाडलं. त्यातल्या दोघांनी त्यानंतर वर्गणी दिलेली नाही.

काकूंच्या महालक्ष्म्या

काकू 68 वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. सासूकडून आलेले पितळी मुखवटे, आणि त्यांच्या घरच्या पद्धतीप्रमाणे महालक्ष्म्यांच्या धडाला पत्र्याच्या दोन कोठ्या, आत गहू भरलेले. पाणी आलं तेव्हा पूजा मांडलेलीच होती. तिसऱ्या दिवशीचा दहीभाताचा नैवेद्य आणि विसर्जन व्हायचं होतं. पोट्ट्यांनी काकूंना खांद्यावर घेऊन ओट्यावर आणलं. परत गेल्या तेव्हा एक कोठी आडवी पडलेली, ज्येष्ठेचा मुखवटा दिवाणाखाली गाळात, आणि कनिष्ठेचा कुठेच नाही.

पहिले दोन दिवस त्या मांडवात बसायच्या, पण मूर्तीकडे पाठ करून. आमच्यातल्या एकाने जाऊन समजूत घातली, "काकू, देव परीक्षा घेतो आपली." त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं घेतलीच की. आता काय पेपर फोडायचा राहिला?" गुरुजींनी वेगळ्या वाटेने प्रयत्न केला: महालक्ष्म्यांचं विसर्जन मूळ नक्षत्रावर असतं, शनिवारी मूळच होतं, पाण्यानेच विसर्जन केलं असं समजा. मला ते सुंदर वाटलं. काकू मात्र भडकल्या. "मी हळदीकुंकू वाहून निरोप देते त्यांना, गुरुजी. गाळात लोटून नाही." गुरुजी गप्प बसले. नंतर मला म्हणाले, "चुकलं माझं. त्यांना उत्तर नको होतं." मग ते रोज काकूंच्या शेजारी अर्धा तास नुसते बसायचे, जपाची माळ खिशात ठेवून.

सोमवारी वस्तीतल्या ताईंनी घर उपसताना आडवी पडलेली कोठी उघडली. गव्हाला मोड आले होते, पांढरे, बोटाच्या पेराएवढे, आणि उग्र वास. दुसऱ्या कोठीचं झाकण घट्ट होतं; आतले गहू खडखडीत कोरडे. काकूंनी हात घालून मूठभर बाहेर काढले, बराच वेळ बघत राहिल्या. मग ताईंच्या घरच्या चिखलाची ती गोष्ट निघाली. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "हे वीस किलो आहेत. दळून आण. विहारात पोळ्या होतील." त्यांच्या घरात महालक्ष्मीचा गहू घराबाहेर देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हटलंही. "मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पिशवी आण."

बुधवारी त्या स्वतः भगदाडातून पलीकडे गेल्या. गुडघे दुखतात, वाकता येत नाही. दोघींनी धरून नेलं. तिथे बसून त्यांनी दुपारभर वस्तीतल्या मुलांच्या वह्यांची पानं सुटी केली, ग्रंथपाल ताईंनी शिकवल्याप्रमाणे. श्रद्धा परत आली का, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं. "गेली होती कुठे? रागावले होते मी," एवढंच म्हणाल्या.

2024मध्ये त्यांनी मुखवटे मांडले नाहीत. पाटावर दोन सुपाऱ्या ठेवून पूजा केली आणि जेवायला तीनच माणसं बोलावली. त्यातल्या एक त्या ताई होत्या. ताई बौद्ध आहेत. त्या जेवल्या, फुलोऱ्याचं कौतुक केलं, कुंकू लावून घेतलं नाही. काकूंनीही आग्रह केला नाही.

काय निष्पन्न झालं

ले-आउटमधली घरं दहा दिवसांत राहण्याजोगी झाली, वस्तीला तीन आठवडे लागले. दुसरी यादी केली, त्यात वस्तीतली सगळी घरं आणि भाडेकरूंची 15 नावं घातली. भाडेकरूंकडे करारपत्र नव्हतं, वीजबिल मालकाच्या नावावर. मालकाचं पत्र जोडून 11 जणांना मदत मिळाली. बाकी चौघांच्या मालकांनी पत्र दिलं नाही, कारण भाडेकरू ठेवल्याचं त्यांना कागदावर येऊ द्यायचं नव्हतं. त्यातले दोघे मंडळाचे जुने वर्गणीदार.

मंडळात तेव्हापासून एक वाद सुरू आहे. तरुण मुलं म्हणतात, याला नैसर्गिक आपत्ती म्हणू नका. तलाव दीडशेहून जास्त वर्षांचा, मातीच्या बांधाचा. पाऊस देवाने पाडला असेल, पण नदीचं पात्र देवाने अरुंद केलं नाही, ओव्हरफ्लोच्या वाटेत बांधकामं देवाने केली नाहीत. रहिवाशांच्या याचिकेवरून हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही गेलं. वयस्कर मंडळींना हे बोलणं मांडवात नको असतं. मला वाटतं ते मांडवातच व्हायला हवं. देवाला दोष देणाऱ्या आणि देवाला पुढे करून सुटणाऱ्या, अशा दोन्ही माणसांना त्याने थोडा त्रास होतो, आणि तो व्हावा.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या दिवशी चूल पेटवायची, पण एकच वेळ. दुसऱ्या दिवसापासून माणसं गाळावर. फावडी आणि गमबूट पावसाळ्याआधी भवनात असले पाहिजेत, आता आहेत. वाटप करण्याआधी एकाने पायी फिरून कुठे काय आलंय ते बघायचं. हे रविवारी केलं असतं तर विहार रविवारीच कळलं असतं.

यादी दारावरून करायची, वहीवरून नाही. एका घरात किती चुली आहेत हे विचारायचं. आता आम्ही मे महिन्यात ही यादी करतो, भिंतीपलीकडचीही, आणि विहाराच्या समितीचा एक माणूस सोबत असतो. एकटे राहणारे कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे, असे रकाने त्यात आहेत. महालक्ष्म्यांच्या रात्री दोन पोट्टे जागे ठेवायचे, हेही ठरलं आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जास्तीची.

आणि ज्याचं घर बुडालं आहे त्याला देवाचा हेतू समजावून सांगायला जायचं नाही. याचा ठराव करता येत नाही. मी बैठकीत मांडला तेव्हा सगळे हसले. पण गुरुजींनी हात वर केला होता.

एक गोष्ट मात्र अजून ठरत नाही. वस्तीतल्या लोकांना वर्गणी मागायची की नाही? मागितली तर पुरात पैसे दिले म्हणून मागतात असं वाटेल. नाही मागितली तर पावती पुस्तक पुन्हा पहिल्यासारखंच राहील. दोन वर्षं हा विषय पुढे ढकलतो आहोत.

2025च्या जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा रात्री सव्वाला फोन वाजला. काकू. "झोपला होतास का? अंबाझरी किती भरला रे?" मी म्हटलं, बघून सांगतो. छत्री घेऊन बाहेर आलो तर भगदाडापाशी टॉर्च हलत होता. ताईंचा मुलगा आधीच निघाला होता, ओव्हरफ्लोकडे. "चला काका," तो म्हणाला, "त्यांनी मलेही फोन केला."